गावच्या कबड्डी सामन्यात पंचाने वाद कसा हाताळावा

परभणी, बीड किंवा जालन्याकडच्या जत्रेतील कबड्डी सामन्यात प्रेक्षक मैदानाच्या रेषेला खेटून उभे राहतात, म्हणून पंचाने नाणेफेकीपूर्वीच संयोजकांकडून चारही बाजूंना दोरी बांधून घ्यावी आणि गर्दी मागे सरल्याशिवाय सामना सुरू करू नये. संघांपैकी एखादा आपल्या गावचा किंवा नात्यातला असेल, तर ते संयोजकांना आधीच सांगून त्या सामन्यातून बाजूला व्हावे. यजमान संघाच्या पुढाऱ्याकडचे जेवणही सामना संपेपर्यंत टाळलेले बरे.

सर्वाधिक वाद राखीव क्षेत्रावरून, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांवरून (लॉबी), होतात. चढाईपटूचा बचावपटूला स्पर्श होण्यापूर्वीच त्याचा पाय तिथे पडला, तर तो बाद. स्पर्श किंवा झटापट झाल्यानंतर मात्र तेच क्षेत्र खेळाचा भाग होते. हे प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही आणि आरडाओरडा सुरू होतो. अशा वेळी शिट्टी एकदाच, ठाम वाजवावी, हाताने खूण करावी आणि फक्त कर्णधाराशी बोलावे: “कर्णधार, स्पर्शाच्या आधी पाय आत होता. चला, पुढची चढाई.” दोन पंचांत मतभेद झाल्यास निर्णय सरपंचाचा, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाचा (रेफ्री).

शिवीगाळ झाल्यास आवाज न चढवता कार्ड दाखवावे. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. आपल्या चुकलेल्या निर्णयाची भरपाई म्हणून दुसऱ्या संघाला गुण देणे हा तर सरळ अन्यायच. गर्दी मैदानात शिरली, तर घड्याळ थांबवून गुणलेखकाकडून गुणसंख्या व उरलेला वेळ लिहून घ्यावा.