डाकीण ठरवून मारहाण झाली, तर काय करायचं

सातपुड्यात डाकीण, ठाणे-पालघरकडे भुताळी, विदर्भात जादूटोणा किंवा भानामती करणारी. शब्द बदलला तरी रीत तीच. घरात कोणी अचानक गेलं, पोर सुकत चाललं, म्हैस आटली की घरचे भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे जातात. तो सुपात दाणे टाकून पाहतो. अनेकदा थेट नाव घेत नाही. ‘घराच्या उगवतीला आहे, एकटी राहते’ एवढंच सांगतो आणि नाव घरच्यांच्याच तोंडून बाहेर पडतं. मग रात्री दारावर लाथा बसतात. हे मारहाण होऊन गेल्यानंतरचं मार्गदर्शन आहे. आशा, शिक्षक, कार्यकर्ते आणि त्या बाईचे नातेवाईक यांच्यासाठी.

आधी तिला गावाबाहेर काढा. ११२ वर पोलिस, १०८ वर रुग्णवाहिका. फोनवर ‘भांडण झालंय’ म्हणू नका. ‘जादूटोण्याच्या संशयावरून जमावाने मारलंय, जमाव अजून इथेच आहे’ असं सांगा. गाडीत सोबत तिच्या घरचं माणूस हवं, पण ते आरोपींच्या भावकीतलं नको. राहायची सोय नसेल तर १८१ वर फोन करून सखी वन स्टॉप सेंटरची (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र) चौकशी करा.

दवाखान्यात डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे पोलिस प्रकरणातल्या जखमांची नोंद, करायला सांगा. मार कशाचा, तेही सांगा : दोरीने बांधलं, मिरचीची धुरी दिली, चटके दिले, घाण पाजली. हे सांगितलं नाही तर कागदावर ‘मुका मार’ एवढंच उरतं. धुरी दिली असेल तर डोळे आणि छाती तपासून घ्या. काळेनिळे वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा तपासणी मागा आणि वळाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. अंगावरचे कपडे धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

आता फिर्याद. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पोलिस ठाण्यात नेहमी लिहिलं जाणारं वाक्य असतं : ‘जुन्या भांडणाच्या कारणावरून आरोपींनी फिर्यादीस शिवीगाळ करून मारहाण केली.’ या एका वाक्यात अख्खा गुन्हा पुसला जातो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. या कायद्यात नुसती मारहाण गुन्हा नाही, तर एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, तिच्या मंत्राने जनावर आटतं, असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे मारणारा हात जितका महत्त्वाचा, तितकंच बोललेलं वाक्य. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

म्हणून फिर्यादीत पुढच्या गोष्टी यायलाच हव्यात. कोण आजारी होतं किंवा मेलं, कधी. भगताकडे कोण गेलं, कोणत्या दिवशी. तो काय म्हणाला. गावात तिचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं, कुठे, कोणासमोर. मारताना काय बोलले : ‘तूच पोराला खाल्लंस’ असं म्हणाले असतील तर ‘खाल्लंस’ हाच शब्द हवा. अंमलदाराने त्याचं ‘संशय व्यक्त केला’ केलं तर सही करू नका, दुरुस्ती करून घ्या. बाई भिली, पावरी, कोरकू किंवा माडिया बोलत असेल तर तिचा शब्द तिच्याच बोलीत देवनागरीत लिहून पुढे मराठी अर्थ द्यायला सांगा. दुभाषी आरोपीच्या नात्यातला नाही ना, हे बघा. लहान पाड्यात हे हमखास घडतं. लिहून झाल्यावर फिर्याद तिला तिच्या बोलीत वाचून दाखवली जाईपर्यंत अंगठा देऊ नका. प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, म्हणजे हद्द कोणतीही असो, तिथेच नोंद होते. नोंदवायलाच नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलिस पाटीलच मारणाऱ्यांत असेल तर त्याला मध्ये न घेता थेट ठाणं गाठा.

कलमांबद्दल दोन गैरसमज फार आहेत. पहिला ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चेटूक करते म्हणून इजा केली तर कलम ३(१)(झेडबी) लागतं, पण आरोपी त्या दोन्ही वर्गांबाहेरचा असेल तरच. सातपुड्यात मारणारे आणि मार खाणारी बहुतेकदा एकाच जमातीचे असतात. तिथे त्या कलमाचा हट्ट धरून वेळ घालवू नका. दुसरा ‘अजामीनपात्र’ या शब्दाचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिस अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देऊन सोडू शकतात. ‘अजामीनपात्र आहे ना, मग आत जातील’ या भरवशावर बाईला दुसऱ्या दिवशी घरी नेलं, तर दारात तीच माणसं उभी दिसतात. अटक झाली का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. झाली नसेल तर संरक्षणाचा लेखी अर्ज द्या आणि आरोपींकडून शांततेचं बंधपत्र घेण्याची मागणी करा. गंभीर दुखापत, विनयभंग, विवस्त्र करणं यांची कलमं वेगळी लागतात. ती सुटली नाहीत ना, हे वकिलाकडून बघून घ्या. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा.

पुराव्यात दोर, काठ्या, सूप, दाणे, लिंबं, धुरी दिलेलं भांडं येतं. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका, पण लांबून आणि जवळून फोटो काढून ठेवा. शेणाने सारवलेली जागा एका रात्रीत पुन्हा सारवली जाते. व्हिडिओ असेल तर तो ज्या फोनवर काढला तो फोन जपा. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कमी वजनाची, शिवाय ती फिरवण्यात बाईची अब्रू जाते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा. तिच्या जमिनीचा सातबाराही काढून घ्या. विधवेच्या वाट्यावर दिराचा डोळा असणं आणि तिचंच नाव दाण्यांत निघणं, हा योगायोग जरा जास्तच वेळा घडतो.

कागदाचं काम एवढं. गावाचं काम याहून अवघड.

चार-पाच दिवसांत समेटाची भाषा सुरू होते. पंच बसतात, दंड ठरतो, बोकड आणि दारू येते, ‘आता मिटलं’ म्हणतात. गावात मिटलं म्हणून हा गुन्हा मिटत नाही, हे बैठकीआधीच सांगून ठेवा. त्याहून घातक सूचना तिच्या घरच्यांकडूनच येते : दुसऱ्या मोठ्या भगताकडे जाऊ, ‘ही नाही’ असं वदवून घेऊ. हे कदापि करू नका. एक तर तो ‘हीच’ म्हणू शकतो. आणि ‘ही नाही’ म्हणाला तर ‘मग कोण?’ हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर म्हणून दुसऱ्या कुणा बाईचं दार ठोठावलं जातं. उकळत्या तेलात हात घालण्यासारख्या परीक्षेला तर तिने स्वतः ‘तयार आहे’ म्हटलं तरी अडवायचं.

तुमच्या बोलण्यातही हीच चूक शिरते. ‘ती गरीब बिचारी, ती असलं काही करणार नाही’ हे वाक्य मायेचं वाटतं. पण त्यातून कोणीतरी असलं काही करतं, हे मान्य होतं. ती कशी आहे, या वादातच पडू नका. देव खोटा, भगत ढोंगी, असंही म्हणू नका. कायद्याला पूजा, जत्रा, भजन यांचं वावडं नाही, हे सांगितलं तर माणसं निदान बसून ऐकतात. बोलणं दुसरीकडे न्या : ते पोर नेमकं कशाने गेलं?

बऱ्याचदा इथे खरं उत्तर सापडतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार (विषारी साप) चावते तेव्हा सूज नसते, दाताची खूण दिसेलच असं नाही, दुखतही फारसं नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, श्वास अडकतो आणि घरच्यांना वाटतं रात्रीत कोणी काही केलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचे सांधे अचानक असह्य दुखतात, पुन्हा बरे होतात, पुन्हा दुखतात. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत हा आजार आहे. मेलेल्याचे भाऊ-बहीण यांची सिकलसेल तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घ्या. निदान निघालं तर ते डॉक्टरांनीच, त्या घराच्या ओसरीवर बसून सांगावं. ज्या घराने मारलं त्याचंही माणूस गेलेलं असतं. त्या दुःखाला कोणी विचारलं नाही, तर ते पुन्हा सुपाकडेच वळतं.

बाईला परत आणताना आधी तिचं पाणी, दुकान, चक्की आणि मजुरी चालू आहे का ते बघा. जात पंचायतीने वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत किंवा दोन्ही. परत आल्यावर पहिला पावसाळा धोक्याचा. ताप, जुलाब, साप सगळं तेव्हाच येतं आणि पहिल्या मृत्यूबरोबर जुनं नाव वर येतं. त्या चार महिन्यांत पाड्यावर कोणी आजारी पडलं की त्याच दिवशी आशाताईला कळेल अशी सोय करा, आणि मृत्यू झाला तर संध्याकाळच्या आत कोणीतरी तिच्या घरी जाऊन बसा.