बाळाचे ठोके घरी कसे ऐकायचे

प्रसूतिगृहात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. त्यातली एकच वस्तू घरी आहे, ॲल्युमिनियमची वीतभर नळी. एका बाजूला तुतारीसारखं पसरट तोंड, दुसऱ्या बाजूला कानाला लावायची भोकाची चकती. आम्ही तिला फिटोस्कोप म्हणायचो. फ्रान्सच्या आदोल्फ पिनार यांनी ती १८९५ साली बनवली, आणि त्यानंतर तिच्यात फारसं काही बदललेलं नाही. तिला ना सेल लागतो ना चार्जर.

सूनबाईंना दिवस गेले तेव्हा चिरंजीवांनी मला न विचारता ऑनलाइन डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र, मागवलं. तेरावा आठवडा होता. रात्री साडेअकराला आतल्या खोलीतून हुंदके ऐकू आले. जाऊन बघते तर पोटावर जेलीचा थर, यंत्रातून नुसती खरखर, आणि दोघांचे चेहरे उतरलेले. शोधत कुठे होते? बेंबीपाशी! अहो, बाराव्या-तेराव्या आठवड्यात गर्भाशय नुकतंच ओटीपोटाच्या हाडावर डोकावत असतं. बेंबीपर्यंत यायला विसावा आठवडा उजाडतो. मी प्रोब, म्हणजे यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग, खाली आणला, हाडाच्या दोन बोटं वर मधोमध टेकवला आणि जागा न सोडता फक्त कलता केला. आधी जरा खाली, मग जरा डावीकडे, मग उजवीकडे. सगळे असं पुसल्यासारखं फिरवतात, तिथंच चुकतं. मिनिटभरानं घोडा दौडत यावा तसा आवाज आला आणि चिरंजीव मटकन खाली बसले.

बाराव्या आठवड्याआधी घरी हा खेळ करूच नका. हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत दिसतं, पण घरच्या यंत्राला ते सापडेलच असं नाही. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल किंवा पोटावर चरबी असेल, तर पंधराव्या-सोळाव्या आठवड्यातही कधी कधी सापडत नाही. बाळ ठणठणीत असतं, रडून घेतो आपण. सुरुवातीच्या महिन्यांत लघवी जरा साठलेली असली तर सोपं जातं. जेली पाण्यातलीच, सोनोग्राफीला लावतात ती. खोबरेल तेल लावू नका. आणि पाच मिनिटांत उरका. त्या लहरींनी काही बिघडतं असं नाही, पण रोज अर्धा अर्धा तास पोटावर यंत्र धरायचं कारणही नाही.

आता खरी मेख. पोटातून ऐकू येणारा प्रत्येक आवाज बाळाचा नसतो. आईचं रक्त गर्भाशयातल्या रक्तवाहिन्यांतून वाहताना सूं सूं आवाज करतं, आणि यंत्र तोही आकडा इमानेइतबारे दाखवतं. म्हणून एक हात कायम आईच्या मनगटावर. दोन्ही ताल एकत्र पडले तर ते आईचंच आहे, जागा बदला. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, आईचे बहुधा ६० ते १००. पण आई घाबरली की तिचेही १२० होतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पडद्यावरचा आकडा कधी कधी दुप्पट किंवा निम्माही येतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद स्वतः मोजा.

नळीनं ऐकायचं तर पाचवा महिना उलटू द्या. सातव्यानंतर खरी मजा येते. पंखा बंद, टीव्ही बंद. आईला पाठीवर सपाट झोपवू नका. मोठं गर्भाशय मागच्या शिरेवर दाबतं आणि चक्कर येते. पाठीमागे दोन उशा, उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर, म्हणजे ती जरा डावीकडे कलते. हात चोळून गरम करा आणि दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना ठेवा. एका बाजूला लांबट, गुळगुळीत, टणक लागेल, ती बाळाची पाठ. दुसरीकडे छोटे छोटे उंचवटे, मधूनच ढुशी, ते हातपाय. आवाज पाठीकडून चांगला येतो. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली त्या बाजूला, पायाळू असेल तर बेंबीच्या वर. पसरट तोंड तिथं टेकवा, कान चकतीला लावा आणि हात काढून घ्या. नळी कानाच्या दाबानंच उभी राहिली पाहिजे, बोटं लागली की नुसती घसघस ऐकू येते. आम्हाला शिकवताना सांगायचे, उशीखाली ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक आठवा. अगदी तस्सा, लांबून येणारा, दुहेरी आवाज. पहिल्या दिवशी जमत नाही. माझ्या मुलाला चौथ्या दिवशी जमलं. अशी नळी पुण्यात सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत विचारा, तिथल्या माणसाला काय हवंय ते दोन शब्दांत कळतं.

ठोके जास्त म्हणजे मुलगी, कमी म्हणजे मुलगा, हे आमच्या शेजारच्या काकूंनी दोनदा ऐकवलं. काही तथ्य नाही त्यात. आणि तसली चौकशी पोटाशी करायचीच कशाला? लिंगनिदानाविरुद्ध १९९४चा कायदा आहे.

हे सगळं हौसेसाठी झालं. बाळ बरं आहे ना, हे ठोक्यांवरून घरी ठरवायचं नाही. बाळाला त्रास सुरू झाला तरी हृदय बराच वेळ नेहमीसारखंच चालत राहतं. आधी कमी होते ती हालचाल. २८ आठवड्यांनंतर जेवण झालं की डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. ढुशी, लाथ, वळणं, सगळं धरायचं. दोन तासांत दहा व्हायला हवीत, बहुतेक वेळा अर्ध्या तासातच होतात. बाळ पोटात साधारण २० ते ४० मिनिटं झोपतं, ९० मिनिटांच्या वर क्वचितच. नवव्या महिन्यात जागा पुरत नाही म्हणून बाळ शांत होतं, असं सांगणारे खूप भेटतील. खोटं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी व्हायला नको. सूनबाई कालनिर्णयच्या पानावर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलनं रेघा मारायची.

एकतिसाव्या आठवड्यात नेमकी अनंत चतुर्दशी आली. दुपारी त्या तारखेच्या चौकोनात चारच रेघा. ती म्हणाली, "आई, आज शांतच आहे हो." चिरंजीवांनी लगेच डॉप्लर लावलं, आकडा आला १४२. "ऐकू येतंय की व्यवस्थित! ढोलांनी दमलं असेल, उद्या सकाळी जाऊ." मी म्हटलं, तू गाडी काढ.

आणि तिथंच माझी चूक कळली. नाव घातलं होतं ते हॉस्पिटल पेठेत. आम्ही कोथरूडला. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, सगळे मिरवणुकीला बंद. तीस वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं, पण नदीच्या अलीकडचं एखादं हॉस्पिटल आधी बघून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. शेवटी कर्वे रस्त्याच्या बाजूच्या एका ठिकाणी गेलो. फाईल हाताशी होती म्हणून निभावलं. तुम्ही दुसरं ठिकाण आत्ताच ठरवून ठेवा. फाईल दाराजवळ, १०८ फोनमध्ये. रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

तिथल्या सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून कमी वाटतंय?" सूनबाईनं मोबाईलमधला कालनिर्णयचा फोटो दाखवला. सिस्टरनं रेघा मोजल्या, मान हलवली आणि पोटाला पट्टे बांधले. एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी, अर्धा तास चालली, मग सोनोग्राफी. सगळं नीट होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, असंच या, रात्री दोनलाही या. कुणी आम्हाला उगाच आलात म्हटलं नाही.

पहाटे घरी आलो तेव्हाही नदीपलीकडून ढोल ऐकू येत होते. नळी अजून टेबलावर असते. डॉप्लरचे सेल आता टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत.