जुनी खतावणी लगेच बांधून ठेवू नका

प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रानं 2022 मध्ये मंजुरी दिली, तशी विदर्भातल्या गावागावांतली सोसायटीही वहीवरून पडद्यावर चालली. तुम्ही सचिव असाल तर मार्चअखेरच्या वसुलीत किंवा कपाशीच्या पेरणीआधी कर्जवाटपाच्या गर्दीत हा बदल सुरू करू नका. पोळ्याच्या आसपास वीसेक खाती घ्या. दोन्हीकडे नोंद करा, रोज संध्याकाळी शिल्लक जुळवा. फरक निघाला की जुन्या लिपिकालाच विचारा, "भाऊ, कुठं चुकलं हे?" व्याजाची आकडेमोड त्याला तोंडपाठ असते, शिकवायला आलेल्या पोराला नसते. 'माझी नोकरी जाते का?' हे मात्र तो चारचौघांत विचारणार नाही. टपरीवर चहा घेताना तुम्हीच विषय काढा. ठाऊक असेल तेवढंच सांगा.