कंपनीची वेबसाइट कंपनीतच बनवताय? टूल निवडताना या चुका टाळा

वीस-पंचवीस माणसांचं युनिट, मार्केटिंगमधला एक हुशार मुलगा आणि साहेबांचा हुकूम: ‘दिवाळीच्या आत साइट पाहिजे.’ मुलगा संध्याकाळभर टेम्पलेटं चाळतो, सगळ्यात देखणं दिसेल त्यावर बोट ठेवतो आणि त्याच रात्री कार्डाने वर्षाचे पैसे भरून मोकळा होतो. इथपर्यंत सगळे खूश असतात.

टेम्पलेट बघून टूल घेणं

टूल, म्हणजे साइट बनवायची सेवा किंवा सॉफ्टवेअर, बघताना पहिला प्रश्न दिसण्याचा नाही, बाहेर पडण्याचा: उद्या साइट दुसरीकडे नेता येईल का? विक्स या ऑनलाइन टूलवर बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही. तशाच धर्तीचं स्क्वेअरस्पेस काही पानं आणि ब्लॉग एक्सएमएल या मजकुराच्या फाइलमध्ये देतं, डिझाइन देत नाही. स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेल्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये फाइली आणि डेटाबेस दोन्ही तुमच्या ताब्यात असतात, पण अपडेट आणि बॅकअपही तुमच्याच गळ्यात.

म्हणून विक्स वाईट असं नाही. पाच पानांची साइट, आयटीचं कोणी नाही, वर्षातून दोनदा फोटो बदलायचे, तर विक्सच घ्या. उद्या हलायचं झालं तर पाच पानं कॉपी-पेस्ट होतात. तीनशे प्रॉडक्टची पानं असतील तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

वर्डप्रेस घेतलेले शहाणेही पुढे अडकतात ते पेज बिल्डरमध्ये, म्हणजे पान माउसने मांडायच्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये. डब्ल्यूपीबेकरी किंवा डिवीच्या जुन्या आवृत्त्या बंद केल्या की पानभर चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे बिल्डरच्या आतल्या खुणा, दिसतात. एलिमेंटॉर काढलं तर मजकूर उरतो, मांडणी कोसळते. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० पासून ब्लॉक एडिटर (पान ठोकळ्यांनी मांडायची सोय) आतच आला आहे आणि कंपनीच्या साइटला तो पुरतो. तरी बिल्डरच हवा असेल तर चाचणीच्या साइटवर एक पान बनवा, बिल्डर बंद करा आणि काय उरतं ते डोळ्यांनी बघा. हे पैसे भरण्याआधी करायचं.

टूल म्हणालं म्हणून नेमसर्व्हर बदलणं

या एका चुकीने जेवढी डोकेदुखी होते तेवढी बाकी सगळ्या मिळून होत नाही. नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनची (साइटच्या नावाची) साइट आणि मेल कुठे आहेत ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर. टूल सांगतं, ‘डोमेन जोडण्यासाठी हे दोन नेमसर्व्हर टाका.’ मुलगा शुक्रवारी संध्याकाळी ते टाकतो. साइट दिसते, ग्रुपवर टाळ्या पडतात. शनिवारी मेलही येत असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. सोमवारी मोठ्या ग्राहकाच्या पर्चेसमधून फोन येतो: ‘एन्क्वायरी पाठवली, मेल परत आला.’

कारण साधं आहे. नेमसर्व्हर बदलले की डोमेनची ही सगळी नोंदवही, म्हणजे डीएनएस, बदलते. जुन्या वहीत मेल कुठे द्यायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी होत्या, नव्या वहीत फक्त वेबसाइटचा पत्ता. शनिवारी मेल आले ते जुनी माहिती कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) होती म्हणून. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदी ४८ तासांपर्यंत कॅशमध्ये राहतात. त्यानंतर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला एमएक्स सापडत नाही, तो मेल थेट वेबसाइटच्या सर्व्हरवर द्यायला जातो आणि तिथे तुमचा मेलबॉक्सच नसतो.

मग घाबरून नेमसर्व्हर परत जुने केले जातात. ही दुसरी चूक, कारण पुन्हा तेच ४८ तास लटकायचं. त्याऐवजी नव्या डीएनएसमध्ये लगेच एमएक्स आणि एसपीएफ, डीकेआयएमच्या टीएक्सटी नोंदी (मेल खरंच तुमचा आहे हे पटवणाऱ्या) भरा.

मुळात नेमसर्व्हरला हातच लावू नका. आहे त्या डीएनएसमध्ये मुख्य डोमेनची ए नोंद (सर्व्हरचा पत्ता) आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची सीनेम नोंद (दुसऱ्या नावाकडे वळवणारी), एवढ्या दोनच बदला. आदल्या दिवशी त्यांचा टीटीएल (कॅशमध्ये राहायची मुदत) ३०० सेकंद करा आणि सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. दिवस मंगळवार-बुधवारचा, वेळ सकाळची. असं जोडूच न देणारं टूल असेल तर आधी नव्या जागी एमएक्स भरायचे आणि मगच नेमसर्व्हर बदलायचे.

मराठी मजकूर शेवटी टाकणं

माहितीपत्रक डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत केलेलं असतं. ते साइटवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्यांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आहेत. मग उतावळे लोक मजकुराचा फोटोच टाकतात. तो मोबाइलवर वाचता येत नाही आणि गूगलला शोधायला शब्द मिळत नाहीत. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी प्रमाण अक्षरं) करा आणि नंतर माणसाने वाचा. रफार आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. टूल घेण्याआधीच त्यात ‘कारखान्याच्या दुसऱ्या टप्प्यातला दर्जा’ एवढी ओळ टाकून बघा. फॉन्ट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) घ्या, दोन्ही फुकट आहेत.

बाकीच्या, थोडक्यात

डोमेन मुलाच्या खासगी जीमेलवर घेणं: तो नोकरी सोडतो, नूतनीकरणाची सूचना त्याला जाते. खातं कंपनीच्या नावावर, मेल कंपनीच्या कायमच्या पत्त्यावर.

होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव बघणं: नूतनीकरणाचा भाव खाली बारीक अक्षरात असतो, तोच खरा.

फुकटात मिळालेली ‘नल्ड’ थीम (विकतच्या डिझाइनची चोरटी प्रत): त्यात दुसऱ्याचा कोड घुसवलेला असतो. यावर चर्चा नको.

डेव्हलपरच्या हौसेखातर ह्यूगो किंवा ॲस्ट्रो (कोड लिहून साइट बनवायची टूलं): उत्तम, पण किंमतपत्रक बदलायला रोज त्यालाच हाक मारावी लागणार असेल तर नको.

फोनमधला ४ एमबीचा फोटो तसाच चढवणं: रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी या हलक्या प्रकारात, २०० केबीच्या आत.

संपर्क फॉर्ममध्ये ‘प्रेषक’ म्हणून ग्राहकाचा पत्ता ठेवणं: मेल स्पॅममध्ये जातो. प्रेषक तुमच्या डोमेनचा, ग्राहकाचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये (उत्तर जायच्या पत्त्यात), पाठवणी एसएमटीपीने, म्हणजे तुमच्या मेल सर्व्हरमार्फत. आणि वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनांना थोपवणारी खूण साइट सुरू करताना काढा. ती तशीच राहिली तर साइट गूगलवर सापडत नाही आणि लोक एसइओवाल्याला (साइट शोधात वर आणणाऱ्याला) पैसे देत बसतात.