इनॅमलची जुनी पाटी: गंज काढा, रंगवू नका

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लिप्टन, डनलॉपची जाहिरातीची पाटी हाती लागली की लोक ती आधी पेंटरकडे नेतात. कृपा करून नेऊ नका. हा ऑइलपेंट नव्हे, काच आहे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली असते. आधी गडद अस्तर, त्यावर पांढरा थर, मग एकेक रंग. म्हणून अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं की बहुधा बारीकसा उंचवटा लागतो. सगळं सपाट लागलं तर शंका घ्या. बर्मा शेल या तेल कंपनीचा भारतातला धंदा १९७६ साली सरकारने घेतला, त्याची पुढे भारत पेट्रोलियम झाली. त्यामुळे बर्मा शेलची अस्सल पाटी त्याआधीचीच.

धुणं सोपं आहे: कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ कापड. रंगाचे शिंतोडे ओल्या पाटीवर ब्लेड आडवं धरून काढा. पितांबरी पितळेसाठी उत्तम, इथे नको. चिंच-लिंबूही नको, आम्लाने लाल-पिवळे रंग कायमचे निस्तेज होऊ शकतात. वाकलेली पाटी ठोकून सरळ करू नका, टवके उडतील.

खरी परीक्षा स्क्रूच्या भोकांपाशी. तिथला टवका उडालेला असतो आणि उघड्या पत्र्यावरचा गंज मुलाम्याच्या खाली सरकलेला असतो. वरून चकचकीत दिसणारी कड आतून पोकळ असते. नखाने हलकं टिचकलं की आवाज बदलतो. माझा सगळ्यात जास्त वेळ याच दोन-चार इंचांत जातो. पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावायची तारेची घासणी, दोन्ही दूर ठेवा. शेजारच्या काचेवर पडलेला चरा पुन्हा जात नाही. बारीक टोकाचं सर्जिकल ब्लेड घ्या, चष्मा लावा आणि गंज टवक्याच्या मधून कडेकडे न खरवडता कडेकडून मधे ओढा. उलट दिशेने दाब आला की पोकळ कड तुटलीच म्हणून समजा.

गंज मऊ व्हावा म्हणून रॉकेल किंवा तेलाचा स्प्रे मारायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो साफ चुकीचा आहे. तेल मुलाम्याखाली शिरतं, पूर्ण निघत नाही आणि पुढे त्यावर काहीच धरत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडचं तर नावच काढू नका.

कोरडा गंज निघाला की स्पिरिटने पुसून मागच्या बाजूने हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. हीट गन नको, एकाच जागी तापली तर काच तडकते. पाटी रात्रभर पंख्याखाली ठेवा. कडेखाली ओल राहिली तर वरची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून पावसाळ्यात मी हे काम हाती घेतच नाही.

मग टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला टिकाऊ थरात बदलणारं द्रावण, अगदी बारीक ब्रशने, फक्त लोखंडावर लावा. गंज निळसर काळा पडतो. तो काळा ठिपका मुळच्या गडद अस्तराशी इतका जुळतो की बहुतेक पाट्यांवर मी तिथेच थांबतो. पोकळ कडेला आधार हवाच असेल तर सावकाश सुकणारं अराल्डाइट टाचणीच्या टोकाने आत सोडा आणि काचेच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे घासावं लागत नाही. अराल्डाइटमध्ये पांढरा रंग मिसळून टवके बुजवले तर तो भाग वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडू लागतो. पुन्हा भट्टीत घालून नवी करून देतो म्हणणाऱ्याला पाटी देऊच नका. जुना मुलामा तडकतो, रंग बदलतात.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

टांगताना प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर घाला आणि पाटी हाताने किंचित हलेल इतपतच तो आवळा. भोकांभोवतीचे टवके बहुतेक वेळा जास्त आवळल्यानेच उडालेले असतात.