एसजीपी४ला न्यूरल नेटवर्कची जोड: टीएलईवरून कक्षेचं भाकीत कसं सुधारायचं

टीएलई म्हणजे उपग्रहाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी, आणि एसजीपी४ म्हणजे त्यांवरून उपग्रहाची पुढची जागा काढणारी सूत्रं. त्यांना नेटवर्क जोडण्याआधी गरज आहे का ते बघा. ठाण्यातल्या एखाद्या गच्चीवर व्ही-डायपोल अँटेना उभारून १३७ मेगाहर्ट्झवर मेटिऑर-एम या रशियन हवामान उपग्रहांची चित्रं उतरवायची असतील, तर यातलं काहीच लागत नाही. ताजा टीएलई आणि नेहमीचा एसजीपी४ पुरतो. ७०० किमीवरचा उपग्रह डोक्यावर असताना त्याची जागा ४ किमीने चुकली, तरी आकाशात फरक पडतो एक तृतीयांश अंशाचा आणि पास अर्ध्या सेकंदाने पुढेमागे होतो. येऊरच्या डोंगरामागे सिग्नल कधी बुडेल याचा अंदाज त्याहून जास्त चुकतो. हा खटाटोप करायचा तो दोन उपग्रह एकमेकांच्या किती जवळून जातील हे काढायचं असेल, किंवा दुर्बिणीच्या अरुंद चौकटीत उपग्रह नेमका पकडायचा असेल तरच.

एसजीपी४ची सूत्रं १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. टीएलई ताजा असताना चूक साधारण १ किमी असते आणि पुढे रोज १ ते ३ किमीने वाढते. हीच सूत्रं पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत लिहिली (डीएसजीपी४ ही खुली लायब्ररी तयार आहे), की टीएलईतला एखादा आकडा किंचित हलवला तर तीन दिवसांनी उपग्रह किती सरकेल, हे ग्रेडियंटमधून थेट मिळतं. त्यामुळे कक्षा शिकण्याचं काम नेटवर्ककडे द्यायचं नाही. ते एसजीपी४ करतोच. टीएलईतले आकडे किती ढकलायचे, एवढंच नेटवर्कने शिकायचं.

सरावाला सेंटिनेल-१ए हा युरोपचा रडार उपग्रह घ्या, कॅटलॉग क्रमांक ३९६३४. १२ दिवसांत बरोबर १७५ फेऱ्या, उंची सुमारे ६९३ किमी. जुने टीएलई स्पेस-ट्रॅक या अमेरिकी संकेतस्थळावर खातं काढून मिळतात. खरी जागा कळते कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या अचूक कक्षा-फायलींमधून: दर १० सेकंदांनी एक नोंद, चूक काही सेंटिमीटरची. त्या फायली तीनेक आठवडे उशिरा येतात, पण ट्रेनिंगला त्याने बिघडत नाही.

आता वेळ. सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते. पायटॉर्च न सांगता ३२ बिटांत काम करतो. ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) २४ लाखांच्या पुढचा आकडा आहे. ३२ बिटांत त्यातली सगळ्यात छोटी पायरी पाव दिवसाची, म्हणजे ६ तासांची होते. कोड चालतो, एररही येत नाही, फक्त उपग्रह पृथ्वीच्या भलत्याच बाजूला दिसतो. म्हणून सगळं ६४ बिटांत ठेवा. तिथेही पायरी सुमारे ४० मायक्रोसेकंदांची, म्हणजे कक्षेवर ३० सेंटिमीटरची पडते, तेव्हा पूर्ण दिवस आणि दिवसाचा अपूर्णांक असे दोन वेगळे आकडे सांभाळा. स्वतःच्या जीपीएस रिसीव्हरचा डेटा वापरत असाल तर जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे असते हे विसरू नका. १८ सेकंद म्हणजे सुमारे १३५ किमी, आणि नेटवर्क तो फरक बिनतक्रार शिकून टाकतं.

एसजीपी४चं उत्तर टीईएमई या पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या चौकटीत येतं, कोपर्निकसची फाइल पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत असते. बदल करताना यूटी१ (पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्यावरून ठरणारी वेळ) आणि यूटीसीतला फरक धरा, तो ०.९ सेकंदापर्यंत जाऊ शकतो आणि सोडून दिला तर जवळपास अर्ध्या किलोमीटरचा फटका बसतो. वेग बदलताना पृथ्वीच्या फिरण्याचा भाग राहून गेला तर ०.५ किमी/सेकंद एवढी चूक येते.

मग चूक उपग्रहाच्या तीन दिशांत फोडा: त्रिज्येची, पुढची आणि आडवी. दिवसागणिक फुगताना दिसली पाहिजे ती पुढच्या दिशेची. तिन्ही सारख्या फुगत असतील तर चौकट चुकली आहे, पुढे जाऊ नका.

ग्रेडियंट तपासायला एक सोपा हिशोब आहे. या कक्षेचा परीघ सुमारे ४४,४०० किमी. दिवसाच्या फेऱ्यांत ०.०००१ ची चूक असेल तर एका दिवसात ४.४ किमी फरक पडायला हवा. लायब्ररीच्या आत हाच आकडा रेडियन प्रति मिनिट होतो आणि दिवसाअखेर त्याचा ग्रेडियंट कोटीच्या घरात जातो, तर मीन ॲनोमलीचा (उपग्रह कक्षेत कुठे आहे ते सांगणाऱ्या कोनाचा) सात हजारांच्या आसपास राहतो. म्हणून नेटवर्कचं प्रत्येक आउटपुट त्या त्या घटकाच्या मापाने गुणा, नाहीतर एकच घटक सगळं शिकणं ओढून घेतो.

नेटवर्क लहानच ठेवा: ६४ न्यूरॉनचे दोन थर, ॲडम ऑप्टिमायझर, लर्निंग रेट ०.००१. जीपीयू लागत नाही. शेवटचा थर शून्यावर सुरू करा, म्हणजे ट्रेनिंगच्या पहिल्या फेरीचं उत्तर साध्या एसजीपी४चंच असेल. लॉस (ट्रेनिंगमध्ये कमी करायचं चुकीचं एकूण माप) काढताना चुकीला त्या दिवसाच्या अपेक्षित चुकीने भागा. एरवी तिसऱ्या दिवसाच्या मोठ्या चुकाच लॉसवर राज्य करतात. एसजीपी४नंतर दुसरं नेटवर्क लावून थेट जागाच दुरुस्त करण्याचीही पद्धत आहे. आमच्या मते ते शेवटी बघावं, कारण त्यात जागा आणि वेग यांचा मेळ सहज तुटतो.

नॅन (आकडा नसलेली उत्तरं) दिसायला लागले तर टॉर्च-डॉट-व्हेअर हे अटीवरून दोनपैकी एक उत्तर निवडणारं फंक्शन बघा. २२० किमीखाली पेरिजी (कक्षेचा पृथ्वीला सगळ्यात जवळचा बिंदू) असली की एसजीपी४ सूत्रं गाळतो. दोन्ही शाखा मोजून एक निवडली, तर न निवडलेल्या शाखेतला नॅनसुद्धा ग्रेडियंटमध्ये उतरतो. शाखेत शिरण्यापूर्वीच आकडे सुरक्षित करून घ्या. सेंटिनेलची कक्षा जवळजवळ गोल असल्याने पेरिजीचा कोन आणि मीन ॲनोमली एकमेकांविरुद्ध धावतात, ठरते ती फक्त दोघांची बेरीज. तेव्हा त्या दोघांत वेगवेगळी दुरुस्ती मागू नका.

डेटा तारखेने तोडा, पत्ते पिसल्यासारखा नाही. लागोपाठच्या टीएलईंमागे बरीचशी तीच निरीक्षणं असतात, त्यामुळे पिसलेल्या डेटावर निकाल खोटाच चांगला येतो. ट्रेनिंगचा आणि तपासणीचा डेटा यांमध्ये आठवडाभर जागा सोडा. सौर प्रवाहाचा एफ१०.७ आकडा (सूर्याच्या रेडिओ लहरींचं माप) नेटवर्कला देणार असाल, तर त्या दिवशी जाहीर झालेलं भाकीत द्या, नंतर मोजलेला आकडा नाही. आणि सेंटिनेल-१ए आपली वाट टिकवायला वारंवार इंजिन चालवतो. ज्या दोन टीएलईंमध्ये फेऱ्यांचा आकडा अचानक उडी मारतो, तो सगळा तुकडा ट्रेनिंगमधून काढा. इंजिनाचा धक्का ड्रॅगच्या (हवेच्या अडथळ्याच्या) खात्यावर टाकलेलं नेटवर्क पुढचे सगळे शांत दिवस बिघडवतं.