शेतीचे व्हिडिओ उतरवता? नोंद ठेवताना या चुका टाळा

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात रेंज धड नसते. गटातली पोरं बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातात, कपाशी-तुरीचे व्हिडिओ उतरवून (डाउनलोड करून) आणतात आणि संध्याकाळी समाजमंदिरात लावतात. आणतात पोतंभर, पण नोंदीत दरवर्षी त्याच चुका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एकच तारीख लिहिणं. फाइल उतरवली ती तारीख वेगळी, व्हिडिओ टाकला गेला ती वेगळी. मागच्या खरिपात कपाशीच्या फवारणीचा एक व्हिडिओ लावला. नोंदीत '१२ ऑगस्ट', बस. त्यात दोन औषधं एकाच पंपात मिसळायला सांगत होते. मागून एका काकांनी विचारलं, "कोन्त्या सालचा हाये हा, भाऊ?" कोणालाच सांगता येईना. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. तेव्हा दवाखान्यात राहून आलेला माणूस समोर बसला होता. मी व्हिडिओ बंद केला.

शोधायला बसलो तर लिंक लिहिलेली नाही, आणि फाइल व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली, म्हणून मूळ नावही गेलेलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळलं, कोणीतरी सहा वर्षं जुना व्हिडिओ नव्यानं टाकला होता. आता माझ्या वहीत कधी टाकला, कधी उतरवला आणि कोणाचा, असे तीन रकाने आहेत. तारीख सापडली नाही तर 'माहीत नाही' लिहितो, आणि फवारणीचा असा व्हिडिओ लावत नाही.

दुसरी चूक, मथळ्यावर विसंबणं. मथळा चॅनेलवाला केव्हाही बदलतो. यूट्यूबच्या लिंकमधली ११ अक्षरांची ओळख (आयडी) बदलत नाही, तीच लिहा. एक्सेलमध्ये लिहीत असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. ओळख आडव्या रेघेनं सुरू झाली की एक्सेल तिला सूत्र समजतं आणि चौकटीत एरर येते. आमच्या जुन्या यादीतल्या तीन नोंदी अशाच गेल्या.

लाइन गेली की फाइल अर्धवट उतरते. किती मिनिटांचा आणि किती एमबीचा ते लिहा, आणि शेवटचा मिनिट चालवून पाहा.

पेन ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. कॉपी झाल्यावरच नोंद करा, आधी नाही.

नवी पोरं म्हणतात, रविवारी बसून सगळं एकदम लिहू. रविवारपर्यंत कोणती फाइल कुठली, हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. उतरवताना दोन मिनिटं थांबायचं नसेल तर तो व्हिडिओ आणूच नका. वायटी-डीएलपी (व्हिडिओ उतरवायचं सॉफ्टवेअर) वापरणारे सांगतात की त्यातला एक पर्याय लावला की नोंद आपोआप होते. ती नोंद फक्त साइटचं नाव आणि ओळख साठवते, तोच व्हिडिओ पुन्हा उतरू नये म्हणून. कोणासाठी आणला, कोणत्या पिकाचा, कोणी तपासला, हे ती लिहीत नाही.

नोंदीची एकुलती प्रत त्याच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. आमची एक प्रत शंभर पानी वहीत, समाजमंदिराच्या कपाटात असते.